जितकं जळेल तितकं विरघळेल

मित्रांनो, दवाखान्याच्या कोपऱ्यात चाकांवर उभे असलेले, चार पट्ट्यांचे जुने लेझर यंत्र म्हणजे मी. माझा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. पोटावरची चरबी आतून तापवायची आणि वर कातडीला गारवा द्यायचा, असे माझे काम. जरा तोल ढळला की माणूस भाजलाच. त्यामुळे जीव कायम टांगणीला.

नवे होते तेव्हा माझा थाट काय सांगू! डॉक्टरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवत. माझी हवेची जाळी न चुकता धुतली जाई. पुढे शेजारी दुसरे यंत्र आले आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. जाळीवर धूळ साचली, गारवा अपुरा पडू लागला. मी धोक्याचा आवाज काढू लागले, तर यंत्र चालवणाऱ्या मुलीने आवाज येणाऱ्या भोकात कापूस कोंबला. झोपलेल्या बायका दचकतात म्हणे.

एकदा एक शिक्षिका आल्या. त्यांचा मुलगा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, आईचं पोट पिंपाएवढं आहे. हे त्यांनी हसत हसत सांगितले. यंत्र चालवणाऱ्या मुलीने पोटावर माझे पट्टे बांधले, थांबवायचे बटण हातात दिले, चटका बसला तर दाबा असे बजावले आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली.

मी तापत गेले. बाईंनी ओठ घट्ट मिटले, चादर मुठीत धरली, पण हूं की चूं नाही. माझी पाचावर धारण बसली. अहो, दाबा ना ते बटण, असे मी मनातल्या मनात विनवत होते. माझा आवाज कापसातच जिरत होता. शेवटी मला जमण्यासारखे एकच होते. मी बंद पडले.

मुलगी धावत आली. पट्टा सोडला तर खाली लालभडक वळ.

"बाई, सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, जितकं जळेल तितकं विरघळेल," बाई ओशाळून म्हणाल्या. "थोडा वेळ अजून चालवता का?"

मुलीला रडूच फुटले. डॉक्टरीणबाईंनी बाईंना मलम लावले आणि मला मोडीत काढायचे ठरवले. मधेच बंद पडणारे यंत्र काय कामाचे?

मित्रांनो, यंत्रे निगा राखायला सांगतात, तसे मीही सांगितले असते. पण माझे मागणे वेगळे आहे. आईला तिच्या पोटावरून चिडवू नका. ती तुमच्यासमोर हसेल आणि मग माझ्यासारख्या एखाद्या यंत्राखाली मुकाट्याने पडून राहील. ते वेळेवर बंद पडेलच, असे नाही.