परतीची वाट कुणी पुसली?

अकरा वाजले होते. दुपारी सरोवरावर वारा उठला की आमच्या बेटावरून बोट सुटत नाही, आणि अपोंदीवहिनीच्या पोटात पहाटेपासून कळा येत होत्या. दवाखान्यातली नर्स अमोलो सोनोग्राफी करून पार गोंधळली होती.

"काहीतरी आडवं दिसतंय. डॉक्टरांनी चित्र बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही बाई."

डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि कंपनीची इंटरनेटची लाईन नेमकी सकाळपासून मेलेली. मोबाईलवर कसंबसं बोलता येई, चित्र काही जाईना. पण शाळेच्या टॉवरवरून हॉस्पिटलपर्यंत रेडिओ आहे, तो मीच वर चढून बसवलाय. दवाखान्याच्या लिनक्स कॉम्प्युटरवर मी एक ओळ ठोकली: हॉस्पिटलकडं जाणारं सगळं टॉवरवरून पाठव. मग पिंग मारलं, म्हणजे पलीकडच्या मशीनला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा मारलं. नाहीच!

हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणाऱ्या ओबुरादादाला फोन लावला.

"तुझे पिंग धडाधड येतायत की इथं," तो मक्याच्या उगालीचा घास चघळत म्हणाला. "माझं मशीन उत्तरंही देतंय. तुझंच काहीतरी बिघडलंय, पोरी."

देतंय, मग जातायत कुठं? माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"दादा, तुझ्या मशीनला बेटाची वाट ठाऊक नाही! ते उत्तरं मेलेल्या लाईनवर फेकतंय. मी तुझ्याकडं टाकलेली ओळ कुठाय?"

त्यानं घास गिळला.

"ती होय? शुक्रवारी साफसफाई केली. कुणाची कळेना, म्हणून पुसली."

"पुसली? धन्य आहे तुझी! आता लिही, बेटाकडचं सगळं टॉवरवरून. आणि फाईलमध्येही लिही, नाहीतर वीज गेली की परत बोंब."

"मला शिकवतेस? तू शाळेत होतीस तेव्हापासून मी..."

"दादा, लिही!"

आणि माझ्या पडद्यावर उत्तरं यायला लागली, एकामागून एक! मी अमोलोला मिठीच मारली. चित्र गेलं. दोन मिनिटांत डॉक्टर पडद्यावर.

"दोन आहेत. पुढचं आडवं आहे. ऑपरेशन लागेल, बोट आत्ताच्या आत्ता सोडा."

जुळं! म्हणजे नावांची चिंता मिटली. आमच्यात ती ठरलेलीच असतात: आधीचा ओपियो, मागचा ओदोंगो, मुली असल्या तर अपियो-अदोंगो. भावानं वहिनीला उचलून बोटीत ठेवलं, आणि वारा उठायच्या आत बोट दिसेनाशी झाली.

तीन वाजता ओबुराचा फोन.

"ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा आहे. ऐक."

एक बाळ रडलं. मग काहीच नाही. मी फोन कानात रुतवला.

"दादा?"

मग दुसरं रडलं, पहिल्याहून मोठ्यानं, आणि त्याच्याबरोबर मी आणि ओबुराही.