म्हशीच्या दुधातला दोष

रविवार होता, लग्नाची तिथ नव्हती, तरी श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. वऱ्हाड होतं ते सगळं तान्ह्या लेकरांचं. एक रडायला लागलं की त्याचं ऐकून दुसरं, आणि मग सगळा हॉल. फाटकावर भला मोठा फ्लेक्स होता: ‘मातृदुग्ध परीक्षण केंद्र. वाटीनं, बाटलीनं, कशानंच न पिणारं बाळ एका बैठकीत पिणार. मार्गदर्शक: राधाकृष्ण सर.’

सर बरं का. बाबा नव्हे, महाराज नव्हे. अंगात पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, टेबलावर काचेचे पेले, एक काचेची कांडी आणि पिवळ्या कागदाच्या पट्ट्या. लिंबू नाही, मिरच्या नाहीत, अंगारा नाही. “ताई, इथं देव न्हाई, इथं सायन्स हाय,” असं ते येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत. नेमकं हेच वाक्य कलाबाईला पटलं.

कलाबाई सुप्याजवळच्या एका वस्तीवरची. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर तिच्या सासऱ्यानं घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, तेव्हापासून त्या घरानं कुणा देवऋषाची पायरी चढली नव्हती. शेजारणी कुणा बाबाचं नाव काढू लागल्या की “आमच्यात चालत न्हाई” असं ती ताठ मानेनं सांगे. पण कागदाच्या पट्टीपुढं ती मान वाकली. माणसाचं रक्त तपासतात, लघवी तपासतात, मग दूध तपासलं तर बिघडलं कुठं?

शेजारी तिची सून भारती बसली होती आणि भारतीच्या मांडीवर सात महिन्यांचा सम्राट. सुप्याच्या एमआयडीसीत भारती पॅकिंगला होती. बाळंतपणाची रजा संपली, कंपनीची बस दारात यायला लागली आणि घरात रोजची लढाई सुरू झाली. पिळून ठेवलेलं दूध वाटीनं दिलं की सम्राट थुंकून टाकी. बाटलीचं बूच जिभेनं बाहेर ढकली. उकळून निववलेलं पाणी चमच्यानं द्यावं तर ओठ घट्ट मिटून घेई. सुट्टीच्या दिवशी भारती स्वतः वाटी घेऊन बसे, तर तो वाटी उडवून तिच्या ओढणीलाच झोंबे. कंपनीत खोकी चिकटवताना ते रडणं तिच्या कानात चालू राही. पोराला उपाशी टाकून आलीस, असं तिला कुणी म्हणायची गरजच नव्हती. ती स्वतःच दिवसभर ते म्हणत असे.

सरांचा धंदाच मुळी या दुखऱ्या जागेवर चालायचा. आदल्या दिवशीच निरोप आला होता, बाळाला सकाळपासून काही पाजू नका, नाहीतर तपासणी चुकते. सम्राट भुकेनं कळवळत होता. विजयमाला नावाच्या मदतनीस बाईनं भारतीचं दूध एका पेल्यात घेतलं. सरांनी कांडी आधी एका बरणीतल्या पाण्यात बुडवली. “हे शुद्ध जल. कांडी निर्जंतुक झाली.” मग तिचं टोक दुधाला जेमतेम टेकवलं आणि ओली कांडी पिवळ्या पट्टीवर ओढली. पट्टीवर लालभडक रेघ उठली.

हॉलमधून “अगं बाई!” असा एकच आवाज निघाला.

“बघा,” सर मान हलवत म्हणाले, “शरीर घरी आणि मन कंपनीत. मशीनची ऊर्जा सरळ दुधात उतरलीय. लेकराला ही लहर कळते, म्हणून ते आईच्या हातचं दुसरं काही तोंडात घेत नाही. याला क्वांटम म्हणतात. ताई, कामावर जाता ना?”

“जाते,” भारती पुटपुटली.

“मग बरोबर हाय. आईनं आता फाटकाबाहेर थांबायचं. सावली पडू द्यायची न्हाई.”

भारती चपलांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. आत विजयमालानं सम्राटला मांडीवर घेतलं आणि पुडी कालवलेली वाटी लावली. थोड्या वेळानं टाळ्या ऐकू आल्या. कलाबाई डोळे पुसत बाहेर आली. “प्यालं गं! सगळी वाटी प्यालं. मी डोळ्यांनी बगितलं.”

भारतीला आनंद झाला, पण तो आनंदच टोचत राहिला. पोर प्यालं होतं, पण ती तिथं नव्हती म्हणून.

सरांनी पैसे मोजून घेतले आणि पुड्या दिल्या. पट्टी लाल व्हायची थांबेपर्यंत अंगावर पाजायचं नाही, पुडी पाण्यात कालवून द्यायची आणि दर रविवारी यायचं. भारतीनं ते इमानेइतबारे केलं. छाती दगडासारखी होई, तेव्हा ती मोरीत बसून दूध पिळून टाकी आणि वर तांब्याभर पाणी ओती. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसणारी आराधना तिच्याच लाइनवर होती. तिचा तान्हा जॉयही वरचं काही घेत नव्हता. भारतीनं तिला छातीठोकपणे सांगितलं, “तू पन जा. माझं पोरगं लगेच प्यालं.” आराधना पुढच्या रविवारी जाणार होती.

पुडीचं पाणी सम्राट सुरुवातीला चाटूनपुसून पीत होता. मग त्याचे गाल बसले. मग त्यानं रडणंही कमी केलं, आणि कलाबाई कौतुकानं म्हणाली, “शाना झाला बघ.” लेकरू शहाणं झालेलं नव्हतं. त्याच्यात रडायचं बळ उरलं नव्हतं, पण चमत्कार पाहून आलेल्या डोळ्यांना हे कुठलं दिसायला!

त्या आठवड्यात भारती सम्राटचं लाळेरं धूत होती. त्यावर त्यानं थुंकलेल्या वरणाचा पिवळा डाग पडला होता. तिनं साबणाची वडी फिरवली आणि डाग लाल झाला. तोच लाल रंग. तिचा हात थांबला.

“आत्या, हे बघा काय झालं.”

कलाबाईनं दारातूनच पाहिलं. “त्यात काय बघायचं? हळदीला साबन लागला की लाल व्हनारच. चुन्यानं पन व्हतं. हळद आन् चुना, त्याचंच तर कुकू...” तिचं वाक्य अर्धवट राहिलं. ती हळूच खाली बसली. जन्मभर जे माहीत होतं ते पांढरा कोट बघून विसरलं होतं. “भारती,” ती म्हणाली, “ती पट्टी हळदीची हुती गं.”

दोघी तशाच उठल्या आणि सम्राटला घेऊन सुप्यातल्या डॉक्टर एंजेला यांच्याकडं गेल्या. डॉक्टरांनी बाळाचं वजन केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुडीतली चिमूट त्यांनी जिभेवर टेकवली. “साखर आणि आरारूट. सात महिन्यांच्या बाळाचं यावर भागतं होय? आधी त्याला छातीशी घे. आत्ता, इथंच.”

सम्राटनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, जणू ओळख पटवून घेतोय, आणि मग असा काही लुचला की भारतीला हुंदका आवरेना. “मॅडम, मी मोरीत ओतलं हो. याच्या तोंडचं काढून मोरीत ओतलं.”

डॉक्टरांनी आधी पाजणं पुरतं होऊ दिलं.

“पन मॅडम,” कलाबाईनं विचारलं, “पट्टी खोटी धरली, तरी पोरगं तिथं प्यालं ते? ते तर मी बगितलं.”

“प्यालंच असणार. त्याला सकाळपासून उपाशी ठेवलं, वाटीत गोड पाणी दिलं आणि आईला लांब पाठवलं. आई जवळ असली की बाळाला तिचा वास येतो. समोर जेवणाचं ताट असताना तुम्ही बिस्किटावर भागवाल का? तो वाटीला नको म्हणत नव्हता, आई हवी म्हणत होता. ती कामावर असतानाही तो तिचीच वाट बघत अडून बसायचा. तिच्यात दोष असता तर तो तिच्याकडं झेपावला असता का?” मग त्या भारतीकडं वळल्या. “तुझंच दूध वाटीत काढून ठेव. पाजायचं आजीनं, आणि तू तेव्हा घराबाहेर थांबायचं. तो अगदी भुकेला होईपर्यंत वाट बघू नका. सुरुवातीला निम्मं सांडेल, सांडू दे. जबरदस्ती नको. साखर नको, मध तर नकोच. पाणी उकळून निववून घोटभर. घरी आलीस की पोटभर अंगावर पाज.”

“मी आणखी एकीला तिथं जा म्हणून सांगितलंय,” भारती खाली मान घालून म्हणाली.

“मग रडणं नंतर,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी तिला थांबव.”

आराधनाला फोनवर सांगून झालं, पण तिला खरं वाटेना. “अगं, तूच म्हणालीस ना की प्याला? मला बघायचंय,” ती म्हणाली. भारतीला आपल्याच जिभेनं घातलेली गाठ आता आपल्याच हातानं, चारचौघांत सोडवावी लागणार होती. रविवार येईपर्यंत कलाबाई रोज सम्राटला वाटीनं पाजत राहिली. पहिल्या दिवशी तिचं लुगडंच दूध प्यालं, मग एक घोट सम्राटच्या पोटात गेला, मग दोन.

रविवारी हॉल पुन्हा भरला, जॉयला घेऊन आराधनाही आली. भारतीनं घरून काढून आणलेलं दूध विजयमालाच्या हातात दिलं. सरांनी कांडी शुद्ध जलात बुडवली, दुधाला टेकवली आणि पट्टीवर ओढली. लालभडक!

“अरेरे!” सर कळवळले. “दोष वाढला. या माउलीचं मन लेकरात अजिबात न्हाई. पगारात हाय, कंपनीत हाय, मोबाईलमध्ये हाय. ताई, खरं सांगा, नोकरीची हाव सुटत न्हाई ना?”

“सर,” कलाबाई उठून उभी राहिली, “हे दूध आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं हाय. ती कंच्या कंपनीत जाती? आमाला तर कवा बोलली न्हाई!”

हॉलभर हशा पिकला. सरांनी घाईघाईनं बरणीवर झाकण ठेवायला हात पुढं केला, पण भारतीनं ती आधीच ओढून घेतली होती. तिनं कांडी नुसत्या ‘शुद्ध जलात’ बुडवली आणि नवीन पट्टीवर ओढली. लाल. मग कांडी घरून आणलेल्या पाण्यानं धुऊन, पुसून फक्त दुधात घातली. पट्टी पिवळीच राहिली.

“पट्टीला हळद लावलीय आणि बरणीत चुन्याची निवळी आहे,” ती म्हणाली. तिनं दोन्ही पट्ट्या सगळ्यांना दिसतील अशा वर धरल्या. “आपण सगळ्या घरी हळद वापरतो. मलाही कळलं नाही. मी यांचं ऐकून माझं दूध मोरीत ओतलं आणि माझं पोर वाळलं.”

“आन् आमची लेकरं हितं पेली ती?” मागून एक बाई तावातावानं ओरडली. “तो पन चुनाच का?”

भारतीनं सम्राटला कलाबाईच्या मांडीवर दिलं, पिशवीतली घरची वाटी आणि स्वतःचं दूध पुढं ठेवलं. “यात साखर नाही. चाखून बघा. आज हा उपाशीही नाही. मी फक्त बाहेर जाते.”

ती फाटकाबाहेर, त्याच चपलांच्या ढिगाजवळ येऊन उभी राहिली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. आज त्यानं वाटी उडवली तर? मग हा माणूस पुन्हा जिंकला, आणि आराधना जॉयला घेऊन त्याच्या टेबलाशी गेली. आत सारं चिडीचूप झालं होतं. भारतीनं भिंतीला डोकं टेकलं.

“पितंय!” ती आराधनाच होती. “भारती, पितंय गं!”

भारतीची ओढणी दुधानं भिजली होती. तिनं ती पुसली नाही. आराधना जॉयला कडेवर घेऊन बाहेर आली आणि ढिगातून आपल्या चपला शोधू लागली. “घरी जाऊन सासूबाईंच्या हातात वाटी देते,” ती म्हणाली. सर मागच्या दारानं निघाले होते, पण बायकांनी त्यांना गाडीपाशीच गाठलं आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसवून ठेवलं. कलाबाई घरी येताना एवढंच म्हणाली, “देव नव्हता ना तिथं, म्हनून फसले मी.”

सम्राटचे गाल पुन्हा भरले आहेत. मोरी धुताना मात्र भारतीचा हात अजून जड होतो. तिनं स्वतःला पुरतं माफ केलेलं नाही, आणि ते लगेच होणारही नाही.

बायांनो, बाप्यांनो, बाळ वरचं पीत नसेल तर वाटी बदला, वेळ बदला, पाजणारा हात बदला. तरीही जमलं नाही किंवा बाळ वाळायला लागलं तर डॉक्टरकडं जा. कोट बघून भुलू नका, आणि देव नाही म्हणजे फसवणूक नाही, असंही समजू नका. कोणी काही दाखवलं तर ते स्वतःच्या हातानं एकदा करून बघा. आणि कुणी आईच्या दुधात दोष काढून दाखवायला लागला, तर त्याच्यापुढं आधी म्हशीचं दूध ठेवा.