थोरलीचे ठोके

मिस्त्रींनी पहार मोठ्या चाकाच्या कडेच्या भोकात खुपसली आणि तिच्यावर अंगाचा भार टाकला. दोन माणसांच्या उंचीचं ते लोखंडी चाक आधी ढिम्म हललं नाही, मग बोटभर सरकलं. पहार काढून पुढच्या भोकात घालायची, पुन्हा भार टाकायचा. चाकाच्या कडेवर एक पांढरी रेघ होती. ती जमिनीलगतच्या खुणेसमोर आली, तरच लोखंडी बाटलीत दाबून भरलेल्या हवेने इंजिन फिरायचं. नाहीतर हवा वाया. आणि बाटली एकच होती, ती पुन्हा भरायला दिवस जायचा.

“मी देतो हात,” मागून वेल्डर म्हणाला.

मिस्त्रींनी मान वळवली नाही. वेल्डरने थोडं थांबून तेच पुन्हा म्हटलं. पंपघराच्या दाराजवळच्या बाकावर काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, विणत बसल्या होत्या. विणकामावरून डोळे न उचलता त्या म्हणाल्या,

“राहू दे रे. थोरलीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही.”

वेल्डर हसला आणि बाजूला झाला.

थोरली हे नाव काकूंनीच ठेवलेलं. लग्न होऊन त्या पंपघरामागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, तेव्हा हे तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन तिथे आधीपासूनच ठाण मांडून बसलं होतं. नवरा पहाटे उठून आधी इंजिनाच्या अंगावरून हात फिरवायचा आणि मग चहा मागायचा. नवी नवरी झाली तरी किती दिवस गप्प बसणार? “आधी तुमच्या थोरलीचं काय ते बघा, मग धाकटीकडे या,” असं त्या एकदा चिडून म्हणाल्या आणि ते नाव चिकटलं. आता पंपघर जपणाऱ्या मंडळातली सगळी माणसं इंजिनाला थोरलीच म्हणत.

हे सवतीचं भांडण निव्वळ थट्टेचं नव्हतं. दोघींच्या मध्ये फक्त एक भिंत होती. फडताळातल्या कपबश्या दिवसरात्र किणकिणायच्या. मुलगी तापाने फणफणली होती त्या रात्री हा माणूस थोरलीच्या उशाशी बसून होता, कारण ती थांबली असती तर गावाचं पाणी थांबलं असतं. कारण खरं होतं, म्हणून काकूंना भांडताही आलं नाही, आणि विसरताही आलं नाही. पुढे विजेचे पंप आले, थोरली गप्प झाली, आणि कितीतरी महिने काकूंना धड झोप लागेना. हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सवत गेली म्हणून झोप उडाली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग बऱ्याच वर्षांनी दातांचे डॉक्टर आले. हा माणूस आठवडाभर लोकांच्या दाढा काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी थोरलीच्या पितळी नळ्या दात घासायच्या ब्रशने घासायचा. त्यांनी मंडळ काढलं, भंगारवाल्याला परत पाठवलं आणि मिस्त्रींना घरी येऊन बोलावलं. पेन्शनीत निघाल्यापासून खुर्चीत वाळत चाललेला नवरा त्या दिवशी ताठ उठून उभा राहिला, हे काकूंनी पाहिलं होतं. तेव्हापासून महिन्याला एकदा, अर्धा तास, थोरली चालायची. ती चालू-बंद करायच्या दांड्यावर मिस्त्रीच असायचे. त्या दांड्याची लाकडी मूठ काढता यायची. मिस्त्री ती खिशात घालून घरी न्यायचे आणि उशाजवळच्या खणात ठेवायचे.

सगळं सुरळीत होतं, फक्त मिस्त्रींचे कान गेले होते.

पहिल्यांदा दाराची घंटा गेली, मग फोन, मग नातवाचं बोलणं. जाड आवाज थोडेफार पोचायचे, बारीक आवाज सगळे संपले होते. काकू समोर तोंड करून सावकाश बोलल्या की त्यांना कळायचं. दुसऱ्यांचं बोलणं ते अंदाजाने उचलायचे आणि अंदाज चुकला की खोकायचे. पंपघराच्या भिंतीवर मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लाल अक्षरांत रंगवलं होतं: ‘कोणीही बंद म्हणून ओरडलं, तर दांड्यावरच्या माणसाने आधी इंजिन बंद करायचं. प्रश्न नंतर.’ दांड्यावरच्या माणसाला कान हवेत, हे सांगायला आणखी वेगळा नियम नको होता.

म्हणून काकू दीड वर्षापासून दर खेपेला विणकाम घेऊन त्या बाकावर येऊन बसत. त्यांच्या सुया चालू असल्या की सगळं ठीक. सुया मांडीवर ठेवल्या, की काहीतरी बिनसलंय, बंद करायचं. हे स्वयंपाकघरात ठरलं होतं.

“इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाहीत,” काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, “आता दोन सुयांचं ऐकणार.”

“मूठ गेली तर मी करू काय, ते सांग,” मिस्त्री म्हणाले होते.



पांढरी रेघ खुणेसमोर आली. मिस्त्रींनी पहार भिंतीला टेकवली. डॉक्टरांनी पाहुण्यांना पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. दहा-पंधरा माणसं होती, दोन-तीन पोरं. वेल्डर तिसऱ्या सिलिंडरपाशी उभा राहिला आणि त्याने कानांत कापसाचे बोळे घातले. मिस्त्रींनी तेलाच्या काचा एकेक करून पाहिल्या. प्रत्येक काचेत थेंब पडत होता. त्यांनी मूठ दांड्यावर बसवली आणि बाकाकडे पाहिलं. सुया चालू होत्या.

त्यांनी हवेचा नळ उघडला आणि दांडा ओढला. हवा फुसकारत आत घुसली. चाक जडपणे फिरलं, एकदा, दोनदा. मिस्त्रींनी दांडा पुढच्या खाचेत ढकलला. थोरली खाकरली, छपरावरच्या नळकांड्यातून काळा धूर निघाला, पहिला ठोका पडला, मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळं पंपघर पायाखालून तिच्या तालात आलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंच्या सुयांनीही ताल धरला. तो त्या दर वेळी धरायच्या आणि ते त्यांना कळत नसे.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या होत्या. ठोके त्यांना तळपायांतून कळत होते आणि दांड्यावरच्या हातातून कळत होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस इतका खूश दिसत नाही, असं काकूंच्या मनात आलं आणि त्यांना त्याचा जरा रागही आला.

अर्धा वेळ सरला असेल. काकूंनी एक टाका उचलला आणि तो सुईवर तसाच राहिला.

दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी होतं. बारीक. टुक. मग पुन्हा, टुक. तिसऱ्या सिलिंडरच्या खालून. भिंतीपलीकडून हा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, भाकऱ्या करताना. त्यानंतर तेल न मिळालेलं बेअरिंग वितळलं आणि गावाला आठवडाभर टँकरचं पाणी प्यावं लागलं. तेव्हा निदान सुटे भाग मिळत होते. आता ते बनवणारा कारखानाच उरला नव्हता.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. डॉक्टर एका पोराला उचलून चाक दाखवत होते. वेल्डरच्या कानांत बोळे होते. दुसऱ्या कोणाला काही ऐकू आलं नव्हतं. जाऊ दे मरू दे, असंही क्षणभर काकूंना वाटलं. आपण एक शब्द बोललो नाही तर थोरली आपोआप जाईल, आणि मिस्त्रींची मूठ कोणी काढून घेतली असंही होणार नाही. त्यांनी दोन टाके घातले. टुक जरा जाड झालं होतं.

काकूंनी सुया मांडीवर ठेवल्या.

मिस्त्रींनी बाकाकडे बघायला हवं होतं. ते थोरलीकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात यात काही नवीन नव्हतं. काकूंनी विणकाम हवेत हलवलं. मग त्या उभ्या राहिल्या आणि ओरडल्या,

“अहो! बंद करा!”

पाहुण्यांनी माना वळवल्या. डॉक्टरांनी पोराला खाली ठेवलं. वेल्डरने बोळे उपटले, क्षणभर कान दिला आणि त्याचा चेहरा उतरला. “बंद!” तो ओरडला. “मिस्त्री, बंद!” डॉक्टरही ओरडले. तिघं तीन बाजूंनी ओरडत होती, बाहेरच्या रस्त्यावरचा सायकलवाला थांबून आत डोकावला, आणि दांड्यावरचा माणूस मंद हसत तेलाच्या काट्याकडे बघत होता.

काकू पिवळा पट्टा ओलांडून गेल्या आणि त्यांनी मुठीवरच्या मिस्त्रींच्या हातावर आपला हात ठेवला. मिस्त्रींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही विचारलं नाही. दांडा मागे ओढला.

थोरली थांबायला वेळ घ्यायची. चाक मंद होत होत थांबलं.

“काय?” मिस्त्रींनी विचारलं, फक्त काकूंना.

“तिसऱ्यात. खाली. टुकटुकतंय.”

वेल्डरने तिसऱ्याच्या झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्याने पाना उचलला, तेवढ्यात मिस्त्री पुढे झाले.

“लगेच उघडू नकोस. आतलं तेल तापलंय, हवा लागली तर भडका उडेल. गार होऊ दे.”

ते गार होईपर्यंत पाहुणे निघून गेले. झाकण उघडल्यावर वेल्डर आडवा होऊन आत शिरला. वरच्या नळीतलं वाळलेलं जुनं तेल मध्येच कधीतरी सुटून बेअरिंगकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत अडकलं होतं. डॉक्टरांनी बॅगेतला चिमटा आणला आणि दाढेतला घास काढावा तसा तो काळा गोळा बाहेर काढला. बेअरिंगच्या मऊ धातूवर ओरखडे उठले होते, पण धातू जागेवर होता.

“आणखी थोडं चाललं असतं, तर चाक फिरवणारी मुख्य दांडीच गेली असती,” वेल्डर म्हणाला.

डॉक्टर चिमटा पुसत राहिले. शेवटी त्यांनी ओठ मोठे करून, घसा ताणून विचारलं,

“मिस्त्री! किती दिवसांपासून?”

“ओरडू नका डॉक्टर,” मिस्त्री म्हणाले. “ओरडलात की तोंड वाकडं होतं, मग काहीच कळत नाही.”

“दीड वर्ष झालं,” काकूंनी सांगितलं.

“म्हणजे मघाशी मी हात देतो म्हटलं, तेव्हा...” वेल्डर म्हणाला. “आणि तुम्ही म्हणालात, त्यांना खपत नाही.”

“ते खरंच आहे,” काकू म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, “काकू शेजारीच उभ्या राहिल्या तर... म्हणजे बघा, काहीतरी वाट काढता येईल,” आणि बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरच्या लाल अक्षरांवर गेली.

मिस्त्रींना डॉक्टरांचं बोलणं कळलं नव्हतं, पण त्यांची नजर कुठे गेली ते दिसलं. त्यांनी दांड्यावरची मूठ फिरवून काढली. खिशातल्या फडक्याने पुसली, मग तीच पुन्हा पुसली. आणि वेल्डरच्या हातात दिली.

“मिस्त्री, नको. राहू द्या.”

“घे. हवेवरून डिझेलवर जाताना घाई करू नकोस, तिला आवडत नाही.” त्यांनी फडकं खिशात ठेवलं. “आणि कानात बोळे घाल, पण सैल घाल. मी कधी घातले नाहीत.”

दोघं घरी आली. मिस्त्रींनी सवयीने खण उघडला आणि तसाच बंद केला. काकूंनी चहा केला, समोर ठेवला. ते कपाकडे बघत बसले. काकूंना खूप वाईट वाटत होतं.

“तुम्ही चिडलात?” त्यांनी समोर बसून विचारलं.

“तू वाचवलंस तिला,” मिस्त्री म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन, “मला एक सांग. ते टुकटुक सुरू व्हायच्या आधी कशी चालत होती?”

“चांगली चालत होती.”

“चांगली म्हणजे कशी? मला पायातून कळतं, पण तेवढंच. आवाज नाही आठवत आता.”

काकूंनी कपबश्या बाजूला सारल्या. टेबलावर तीन बोटं ठेवली आणि वाजवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. मधलं बोट जरा हलकं आणि जरा मागून. मिस्त्रींनी तळहात टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले.

“दुसरा अजून मागूनच येतो?” त्यांनी विचारलं.

डोळे मिटलेल्या माणसाला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. काकूंनी मधलं बोट आणखी थोडं मागून टेकवलं. मिस्त्रींनी मान डोलावली.

बोटं दुखायला लागली तेव्हा त्या थांबल्या. मिस्त्रींनी डोळे उघडले.

“बास?” काकूंनी विचारलं.

“अर्धा तास असतो,” मिस्त्री म्हणाले. “आज निम्माच झाला.”

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा हात टेबलावर ठेवला.