चौकटीबाहेरची फुली

"मिस बेदनार, तुम्हाला पडलेलं ते एकुलतं एक मत तुमचंच ना?"

विचारलं बाई एकदाचं! वाचनालयाच्या खिडकीबाहेर व्हेरोना आणि ट्रूडी तोंड दाबून हसत होत्या. "विचारलंस तर माझे स्केट्स महिनाभर तुझे," ट्रूडीनं पैज लावली होती. आणि हल्ली मी कशालाच घाबरत नाही!

एक बाई महापौरपदाला उभी राहिली म्हणून आमच्या गल्लीत झाली तेवढी थट्टा अख्ख्या ओहायोत झाली नसेल. आमच्याकडे मतं पक्षालाच पडतात. ती पाडून घ्यायचं काम माझ्या पापांचं, म्हणजे वडिलांचं. मतदान जुरिक न्हाव्याच्या दुकानात, मोजणीही तिथंच. ती बघायला कुणीही बसू शकतं, पण बसत कुणी नाही. पापांवर संशय घेतल्यासारखं होईल ना! काल निकाल लागला: तीनशे बाराला एक.

मिस बेदनारनी पुस्तकावर शिक्का मारला. "एक माझं, मिल्का. पण आईलाही मी चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. येताना म्हणाली, 'तुलाच दिलं गं.'"

"मग दोन हवीत की!"

"हवीत." त्यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा शिक्का मारला. "जेवताना विचारणार होते तिला. नाही विचारलं. ती खाली बघायला लागली असती, तर घरात बोलायला मला दुसरं आहे कोण?"

माझं हसू कुठं गेलं कुणास ठाऊक. बाहेर आल्यावर दोघींनी मला घेरलंच. "काय म्हणाली? रडली का?"

"काही नाही," म्हटलं आणि स्केट्स न घेताच एकटी घरी आले.

पापा खुशीत कोबीचं सूप ओरपत होते.

"पापा, म्हाताऱ्या मिसेस बेदनारनी कुणाला मत दिलं?"

"लेकीलाच! पण हात थरथरतो ना तिचा. फुली अर्धी चौकटीबाहेर. बाद केलं."

"कुणी?"

"मी आणि जुरिकनं. तिथं आणखी होतं कोण?"

"मिल्का, सूप निवतंय," ममा घाईनं म्हणाली.

मी कोट चढवला. जाऊ का, असं ट्रूडीला विचारायला गेले नाही, कुणालाच नाही.

"मी मिस बेदनारकडे जातेय. त्यांची आई खोटं बोलली नाही, हे सांगायला. आणि पापा, पुढच्या मोजणीला जुरिकच्या दुकानात एक खुर्ची माझी. शेवटची चिठ्ठी मोजेपर्यंत मी उठणार नाही."