रुमालाखालचा आकडा

भिकनबापूला पहिला संशय आला तो नवनीतने चहाचा दुसरा कपही आढेवेढे न घेता घेतला तेव्हा. एवढा निवांत बसतोय म्हणजे काहीतरी खपवायला आलाय. उभं आयुष्य बापूने तळोद्यापासून खांडबाऱ्यापर्यंत बैलांची दलाली केली होती. मालक बैलाचं कौतुक जास्त करायला लागला की बापू आधी बैलाचे खूर उचलून बघायचा.

नवनीत रुचिकाच्या कंपनीतला हिशेब बघणारा माणूस. रुचिका बापूची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, नंदुरबारला मिरची पावडरच्या कारखान्यात माल तपासायला होती. घर तिच्याच पगारावर चालायचं. यंदा कंपनीने पेन्शन योजना आणली होती. पगारातून दरमहा थोडी कपात, तेवढीच भर कंपनीची, आणि पैसा हातात यायचा साठीला. त्यातला किती हिस्सा शेअरमध्ये घालायचा आणि किती सरकारी रोख्यांत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सोमवारी आकडा कळवायचा होता. रुचिकाच्या मनात सत्तर टक्के शेअर होते. बापूच्या मनात शून्य.

आठवडाभर घरात हेच चाललं होतं. "शेअर म्हंजे जुगार शे," बापू म्हणायचा. शेवटी रुचिकानेच तोडगा काढला. "नवनीतकाका घर येतीन. एकदाव त्यासनं ऐकी ले. मंग तू म्हनशी तोच आकडा."

पोरगी इतक्या सहज कबूल झाली, याचाही बापूला संशय आला. पण शब्द शब्द होता. बापू नाही म्हणाला की सत्तर टक्के गेले.

आता नवनीत ओट्यावर बसून शुद्ध ऑफिसच्या मराठीत समजावत होता. "शेअर पडतात, काका. कधी दोन-तीन वर्षं पडूनच राहतात. पण तिच्या हाताशी तेहतीस वर्षं आहेत. सत्तर टक्के ठेवावेत, आणि वय वाढेल तसे कमी करत जावेत."

पडतात, असं स्वतःच सांगतोय! बापूसाठी हा डाव जुना होता. बैलाची एखादी बारीक खोड आपणच सांगून टाकायची, म्हणजे गिऱ्हाईक मोठी शोधत नाही. दाराशी मीनाबाई, त्याची बायको, लसूण सोलत कान देऊन बसली होती. बापूने खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि पुढे केला. बैलबाजारात खरा भाव असाच ठरायचा, रुमालाखाली बोटं दाबून.

"हात दे, नवनीतभाई. बाजारमा तोंडना भाव खोटा ऱ्हास. तुन्हा सोताना कितला टक्का शेअरमा शेतस, ते सांग."

नवनीत हसला. त्याचे वडीलही बापूकडूनच बैल न्यायचे. एक बोट म्हणजे दहा, हे त्याला शिकवायला नको होतं. त्याने रुमालाखाली हात घातला आणि बापूची तीन बोटं दाबली.

तीस! बापूचा चेहरा उजळला. सापडला चोर! "मन्ही पोरले सत्तर, आनि सोताले तीस?"

नवनीतने हात सोडला नाही. ऑफिसची मराठी मात्र सोडली. "काका, मी चोपन्न वरीसना शे. सहा वरीसमा माले पैसा लागी. दोनदाती गोऱ्हाले आनि जुना बैलले तुम्ही एकच कामले जुंपतस का?"

 बापू जनावराच्या तोंडात बोट घालून वय सांगणारा माणूस. तो या बोलण्यात खोड शोधत राहिला आणि ती काही सापडेना.

"आते तुम्ही सांगा, काका," नवनीत हळूच म्हणाला. "तुम्ही म्हातारपनसाठे कितला ठेवात?"

त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. पण बापूची बोटं हलली नाहीत. विमेवाला आला तेव्हा बापूने त्याला चोर म्हटलं होतं. पोस्टातली बचत सुचवणाऱ्या मास्तरालाही सोडलं नव्हतं. कमाई बैलांत राहिली, मग ट्रॅक्टर आले, गुडघे गेले आणि बैलही गेले. आपल्याला आजवर कोणीच फसवलं नाही, याचा त्याला केवढा अभिमान होता! आता सकाळच्या गोळीचे पैसे पोरगी देते. बापूला लाज वाटली. रुमालाखाली त्याची मूठ मिटलेलीच राहिली, आणि ती रिकामी आहे हे नवनीतला कळलं. त्याने हात काढून घेतला आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

तो गेल्यावर रुचिका कप उचलायला आली. "मंग, बापू? काय लिखू?"

मीनाबाईचे हात लसणावर थांबले. आठ दिवस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं 'नही' म्हटल्यावर आता 'हो' कोणत्या तोंडाने म्हणायचं? बापूने रुमाल पुन्हा हातावर पसरला.

"हात दे."

रुचिका बघतच राहिली. लहानपणी बाजाराला यायचा हट्ट धरायची तेव्हा बापू तिला ओट्यावर बसवून मातीच्या बैलाचा सौदा करायचा. मुलींना बाजारात कोण नेतं? एकेक बोट धरून शिकवलेला तो खेळ ती विसरली असेल असं बापूला वाटत होतं. तिने कप खाली ठेवला आणि हात रुमालाखाली सरकवला.

बापूने पाच बोटं दाबली. पन्नास.

तिने मान हलवली. मग तिची बोटं फिरली. आधी बापूची पाचही बोटं मुठीत घट्ट धरली, सोडली, आणि वर दोन दाबली. सत्तर.

बापूने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर ढळू दिली नाही. सवयीने त्याच्या मनात आलं, साठ म्हणावं, मधे तोडावं. पण त्याची बोटं धरलेला तिचा हात कसा गरम होता, पक्का होता.

"बेटी दलालनी शे," तो मीनाबाईला म्हणाला, आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "पटना सौदा."