सगळ्यांना फसवणारी फळी

मित्रांनो, लोकांना फसवणे हे माझे काम आहे आणि ते मी अगदी मन लावून करते. रायपूरच्या एका कॉलेजात, मानसशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात राहणारी मी एक जुनी सागवानी फळी आहे. माझ्या तोंडावर दोन रेघा आहेत. डाव्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाण आहेत. उजव्या रेघेची टोके मात्र पंखांसारखी बाहेर उघडलेली आहेत, आणि ही रेघ सरकत्या पट्टीवर आहे. पट्टी ओढली की रेघ वाढते, ढकलली की कमी होते. दोन्ही रेघा सारख्या दिसतील तिथे तुम्ही थांबायचे आणि मग मला उलटे करून पाहायचे. माझ्या पाठीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत. तुम्ही किती फसलात ते तिथे कळते.

फसतात सगळेच. पंखवाली रेघ मुळात लांब भासते, म्हणून लोक पट्टी पुरेशी ओढतच नाहीत. आधीच थांबतात आणि वर खात्रीने माना डोलावतात. मला तेव्हा फार मजा वाटते.

माझा जन्म रायपूरच्याच पुरानी बस्तीतला. यज्ञेश्वर मिस्त्रींनी मला घडवले. कॉलेजातल्या तेव्हाच्या सरांनी त्यांना कागदावर चित्र काढून दिले होते. मिस्त्रींनी सारख्या मापाच्या रेघा रंगवल्या, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि चरकले. एक रेघ मोठी दिसत होती! त्यांनी टेप लावला, तर माप बरोबर. पुन्हा मागे गेले, तर पुन्हा मोठी. शेवटी बिचारे मला काखेत मारून सरांकडे आले आणि म्हणाले, "सर, हाथ बिगड़ गया है मेरा. दूसरी बना देता हूँ." सर इतके हसले की मिस्त्री आधी रागावले आणि कारण कळल्यावर त्यांच्यासोबत हसू लागले. माझी पहिली शिकार म्हणजे मला बनवणारा माणूस. असे भाग्य कुणाला लाभते?

पुढे कितीतरी वर्षे माझा भाव चढता होता. प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलेमुली माझ्यासाठी भांडायची. मग कॉम्प्युटर आले. पडद्यावरच रेघा दिसू लागल्या, आकडेमोडही तेच करू लागले आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या खणात झाली. तिथे एका पालीने माझ्या पाठीशी संसार थाटला. तक्रार करण्यासारखे काही नव्हते, पण कुणी हात लावत नाही याचे वाईट वाटायचेच.

मग कौमुदी मॅडम आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. यजमानांची नोकरी नवा रायपूरच्या एका कार्यालयात, म्हणून त्या इकडे आल्या आणि आमच्या विभागात पहिल्या वर्षाला सांख्यिकी शिकवू लागल्या. आता मानसशास्त्राच्या वर्गात सांख्यिकी म्हटले की काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. मुले मन समजून घ्यायला येतात आणि समोर वर्गमूळ बघून त्यांचे स्वतःचेच मन बसते. "मैडम, ये गणित किधर से घुस गया?" असे पुष्कर नावाच्या मुलाने पहिल्याच तासाला विचारले.

मॅडम कपाटाकडे आल्या, मला खाली काढले, पालीची माफी मागितली आणि ओल्या फडक्याने मला पुसले. मग मी हातोहात वर्गभर फिरले. पुष्कर म्हणाला, "मैं तो एकदम बराबर रखा हूँ." मला उलटे केल्यावर वर्गात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. मॅडमनी प्रत्येकाची चूक खडूने मांडली. मग त्यांनी विचारले, सगळे मिळून सरासरी किती चुकलो? आणि एकमेकांपेक्षा किती वेगळे चुकलो? पहिल्याचे नाव माध्य आणि दुसऱ्याचे मानक विचलन. आकडे स्वतःचे असल्यामुळे मुले आपोआप पुढे सरकून बसली. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले.

मॅडमची एकच अडचण होती. त्या विचार मराठीत करायच्या आणि शिकवायच्या हिंदीत. दोन गटांमधला फरक निव्वळ योगायोगाने पडेल त्याहून मोठा निघाला, तर हिंदी पुस्तकात त्याला 'सार्थक' अंतर म्हणतात. हे समजावताना त्या म्हणाल्या, "अंतर सार्थक हो सकता है, नहीं तो..." आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना. मग बेधडक त्यांनी 'निरर्थक' असे लिहिले आणि पुढे गेल्या. मुलांनीही ते मुकाट्याने उतरवून घेतले.

उतरवून घेणाऱ्यांत रीना होती. ती रायपूरजवळच्या बीरगावहून यायची. घरी सगळे मराठी बोलायचे आणि ती हिंदीत उत्तरे द्यायची. तिचे बाबा देवीदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सळ्या निवडायचे. समोरून सळ्या जायच्या आणि आखूड, वाकडी सळी ते नुसत्या नजरेने बाजूला काढायचे. आपल्या बाबांसारखी नजर कुणाला नाही, असे रीना लहानपणापासून ऐकत आली होती. अलीकडे मात्र कारखान्यातला नवा साहेब त्यांना "काका, अब चश्मा बनवा लो" असे म्हणू लागला होता. देवीदास हसून सोडून द्यायचे, पण घरी आल्यावर एक डोळा झाकून दारावरचे कॅलेंडर वाचत उभे राहायचे. म्हाताऱ्या निवडणाऱ्यांना झाडलोटीवर टाकतात हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून रीनाने प्रोजेक्ट ठरवला. सळ्या निवडणारे कामगार आणि कॉलेजातले क्लार्क, यांत कामगार कमी फसतात का? तिला तर उत्तर आधीच माहीत होते. आठवडाभरासाठी मला घरी न्यायची परवानगी तिने मिळवली.

मित्रांनो, बीरगावचा तो रविवार मी विसरणार नाही. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर सतरंजी घातली होती आणि मी मधोमध मानाने बसले होते. देवीदासांनी हात पुसून पट्टी धरली, हळूहळू ओढली आणि थांबले. शेजारचे एक छत्तीसगढी काका वाकून म्हणाले, "हव, बराबर हे." देवीदासांनी मला उलटे केले. चांगलेच फसले होते ते. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. दर वेळी तेच. बाकीचे कामगारही फसले आणि खो खो हसले. देवीदासही हसले, पण चहा यायच्या आधीच उठून गेले.

रीनाने मग क्लार्कचे आकडे घेतले, दोन गटांची तुलना करणारी टी-टेस्ट केली. दोन गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दुसऱ्या सकाळी बाबा ड्यूटीआधी जेवायला बसले होते तेव्हा तिच्या आईने, मीराबाईंनी, विचारले, "काय निघालं वं तुह्या फळीचं?"

"निरर्थक निकला, मम्मी."

देवीदासांचा घास हातातच राहिला. "निरर्थक म्हंजे बेकारच ना?"

"हाँ, वैसा ही," रीना म्हणाली. तिचे लक्ष कागदात होते.

"मले वाटलंच होतं," एवढेच ते बोलले आणि डबा न घेता ड्यूटीवर गेले. दुसऱ्या दिवशीही डबा ओट्यावरच राहिला. मग रीनाने खोडरबर घेतले आणि माझ्यासमोर बसून बाबांचा पहिला आकडा पुसला. त्या जागी लहान आकडा लिहिला की बाबांना दाखवता येणार होते, बघा, तुमची नजर सगळ्यांत चांगली. तिची पेन्सिल कागदाच्या वर तशीच थांबली. मी साऱ्या जगाला फसवते हे खरे, पण माझ्या पाठीवरचा आकडा आजवर कुणी बदलला नव्हता.

तिने काही लिहिले नाही. मला पिशवीत घातले आणि थेट कौमुदी मॅडमची खोली गाठली.

"मैडम, पापा वाला नंबर थोड़ा ठीक कर दूँ तो चलेगा?"

"का गं?"

आणि मग ती पोरगी, जी कॉलेजात कधी एक अक्षर मराठी बोलली नव्हती, ती रडत रडत मराठीत बोलू लागली. "बाबा डबा नेऊन नाही राहिले, मॅडम. त्यायले वाटते त्यायचे डोये गेले. आता कामावरून काढतीन म्हणते. मी म्हणून बसली का निरर्थक निघालं."

"निरर्थक? हे कोणी सांगितलं तुला?"

"तुमीच तं लिवलं होतं फळ्यावर."

मॅडमनी पुस्तक काढले, पान उघडले आणि कपाळाला हात लावला. "असार्थक आहे तो शब्द, रीना. मला आठवला नाही आणि मी आपला निरर्थक ठोकून दिला. चल, तुझ्या बाबांकडे जाऊ."

स्कूटरवर मॅडम पुढे, रीना मागे आणि मी मध्ये पिशवीत. आम्ही पोहोचलो तेव्हा देवीदास ड्यूटीवरून येऊन अंगणात हातपाय धूत होते. "जयभीम मॅडम, बसा," म्हणत त्यांनी खाट पुढे केली. मॅडमनी मला खाटेवर ठेवले.

"आधी माझा नंबर घ्या, भाऊ."

त्यांनी पट्टी ओढली, थांबल्या आणि मला देवीदासांच्या हातात दिले. देवीदासांनी मला उलटे केले, खुणा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. "तुमचा तं माह्याहून जास्त हाय!"

"मी रोज वर्गात हेच शिकवते, तरी."

"मालूम असून बी?"

"असूनही. चांगल्या डोळ्यांनाही हे असंच दिसतं. आमचे क्लार्क फसले, मी फसले, तुम्ही फसलात. तुमच्या गटात आणि आमच्या गटात फरक काही दिसला नाही, असं रीनाचं गणित सांगतं. कदाचित खूप माणसं घेतली तर थोडा दिसेलही. पण तुमची नजर बेकार आहे असं त्यात कुठेच नाही. तो शब्द माझा चुकला, तिचा नाही. डोळ्यांची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या, ही फळी ते सांगू शकत नाही."

देवीदासांनी मला मांडीवर घेतले आणि एकदम हसायला लागले. "म्हंजे साऱ्या दुनियेले फसवते हे! मले वाटलं मले एकट्यालेच." मीराबाई दारातून बघत होत्या. त्यांना म्हणाले, "जेवाले वाढ वं. मॅडमले बी वाढ."

रीनाने पुसलेल्या आकड्याची गोष्ट बाबांना स्वतःहून सांगितली. ते रागावले नाहीत. "मले जसं दिसलं तसं मी ठेवलं, पोट्टे. ते काहून बदलवतं? होता तसाच लिव. सगळ्यायच्या संगच राहू दे मले." रीनाने तिथेच, खाटेवर बसून, तो आकडा परत लिहिला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात आपली चूक सुधारली आणि पुष्करने तेवढ्यासाठी टाळ्याही वाजवल्या.

मी सुखात आहे, मित्रांनो. वर्षातून कितीतरी हात माझ्यावरून फिरतात. तुम्हीही कधी माझ्याकडे आलात तर जसे दिसेल तसे सरकवा, फसलात तर मोकळेपणाने हसा आणि जाताना मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. फक्त घरी जाऊन निकाल सांगाल तेव्हा शब्द नीट निवडा. ऐकणारा त्या वेळी ताटावर बसलेला असू शकतो.