जुन्या मालकाचा कर

"हा तुमचा कर नाही, बाई. हा त्यांचा कर आहे," काचेपलीकडची मार्सी म्हणाली.

"त्यांचा म्हणजे घराचाच ना? घर तेच आहे. मी काय त्याच्यावर माडी चढवणार नाहीये."

माझ्यामागे रांगेत कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं, कारण मी हसवायलाच बोलले होते. खरं म्हणजे त्या शुक्रवारी नगरपालिकेत जायची मला काही गरज नव्हती. घराचे कागद पुढच्या आठवड्यात व्हायचे होते. पण कर इथे वर्षातून दोनदा येतो, तेव्हा उन्हाळ्याचा कधी भरायचा, हिवाळ्याचा कधी, हे आत्ताच विचारून ठेवू म्हटलं. घरमालकीण म्हणून कुठेतरी उभं राहून बघायचं होतं, दुसरं काय! सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, तेव्हा एवढी हौस चालायला हरकत नव्हती.

मार्सीने च्युइंगम गालात सरकवलं. "असं बघा. मिस्टर वॉयचिक त्या घरात पन्नास वर्षं राहतायत. जुन्या मालकाचा कर आपल्या मिशिगनमध्ये दरवर्षी थोडाथोडाच वाढवता येतो, घराचा भाव कितीही चढू दे. पण घर विकलं की ती सवलत संपली. पुढच्या वर्षी नव्या मालकाला आजच्या भावाने कर लागतो."

"म्हणजे किती?"

तिने समोर बघत हिशेब केला. "तिप्पट धरा. थोडा जास्तच."

मागचं हसणं थांबलं होतं. मार्सीने काचेजवळ तोंड आणून हळूच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तिचं ते हळू बोलणंच मला झोंबलं. खेकसली असती तर मी भांडले तरी असते.

"माहीत होतं मला," मी म्हणाले. "खात्री करून घेत होते."

आणि रांगेतल्या कुणाकडे न बघता बाहेर आले. गाडीत बसल्यावर माझे कान तापलेत हे मला कळलं.

मला कोण सांगणार होतं? मीच तर साऱ्या जगाला सांगत फिरत होते. मी शाळेची बस चालवते. सकाळची फेरी आटोपली की आम्ही ड्रायव्हर लोक डेपोत कॉफी घेत बसतो. तिथे महिनाभर माझंच पुराण चालू होतं. "आपल्या भागात घरं स्वस्त आहेत म्हणून हुरळून जायचं नाही. आधी कर बघायचा. मालकाकडून बिल मागून घ्यायचं, बाराने भागायचं, हप्त्यात मिळवायचं." असं मी त्यांना शिकवत होते. रॉस्को तर मला "जमीनदारीणबाई" म्हणूनच हाक मारायचा. "जमीनदारीणबाई, आमच्यावर कृपा असू द्या!" मीही मान डोलावून असू दे म्हणायचे. मूर्ख बाई!

मिस्टर स्टॅन वॉयचिक यांनी बिल दिलं होतं, मी ते बाराने भागलं होतं, बँकेनेही तेच धरलं होतं. हप्ता आधीच माझ्या गळ्याशी आला होता. त्यात तिप्पट कर भरायचा तर पगारातून जेवायला काही उरलं नसतं. एक वर्ष निभलं असतं. मग कर थकला असता. कर थकून लिलावात गेलेली घरं आमच्या गल्लोगल्ली आहेत, खिडक्यांना फळ्या ठोकलेली. मी रोज बस त्यांच्यासमोरूनच नेते.

आणि हे घर मी माझ्यासाठी घेतच नव्हते. ममा दोन वर्षांपूर्वी पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ती वृद्धाश्रमात. डॉक्टर म्हणाले होते, पायऱ्या नसलेलं घर असेल तर खुशाल घेऊन जा. मिस्टर स्टॅन यांच्या घराला एक उंबरठा सोडला तर पायरी म्हणून नव्हती.

मी गाडी सरळ त्यांच्या दारात नेली. ते ओसरीवर बसून खोक्यांवर नावं घालत होते. मुलीकडे फ्लोरिडाला निघाले होते.

"ये ये, व्हर्नेल. कॉफी ठेवू?"

"तुम्ही मला फसवलंत, मिस्टर स्टॅन!"

मी जे काही बोलले ते इथे सांगत नाही. गोड बोलून गळा कापलात म्हणाले, काळी बाई बघून गंडवलंत असंही म्हणाले. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. मिस्टर स्टॅन यांच्या हातातला पेन तसाच राहिला. त्यांचा म्हातारा चेहरा मानेपर्यंत लाल झाला.

"मी काय लपवलं?" ते म्हणाले. "बिल येतं, मी भरतो. मी सबंध आयुष्यात एकदा घर घेतलं, पोरी. विकलं कधीच नाही. घर विकल्यावर काय होतं ते मला कसं ठाऊक असणार?"

ते खोटं बोलत नव्हते. ते कळल्यावर मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी ओसरीच्या कठड्यावर बसले.

थोड्या वेळाने ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. घर कागदावर माझ्याच नावावर राहू दे. तू मला पैसे दे, राहायला ये. कर माझाच येत राहील. कोण बघायला येतंय?"

तो गृहस्थ भला होता. मी एवढं बोलूनही तो माझीच सोय बघत होता. आणि मी लगेच नाही म्हणाले असते तर आज मान वर करून सांगितलं असतं. मी नाही म्हणाले नाही. मी तिथे बसून विचार केला, चांगला सावकाश केला. त्यांचं वय काय, त्यांच्या मागे घर कुणाकडे जाईल, त्यांची मुलगी मला ओळख तरी दाखवेल का. चोरीची मला लाज वाटली नाही, चोरी अंगाशी येईल याची भीती वाटली. शेवटी नाही म्हणाले ते त्या भीतीने.

"नको, मिस्टर स्टॅन. आणि मघाशी जे बोलले—"

"जाऊ दे गं," ते म्हणाले आणि पुन्हा खोक्याकडे वळले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ममाच्या वृद्धाश्रमात एक रीत आहे. तिथून माणसं बहुधा एकाच वाटेने जातात, म्हणून कुणी जिवंतपणी घरी जायला निघालं की स्वयंपाकघरातून केक येतो आणि जेवणघरात सगळे मिळून गाणं म्हणतात. मी पोचले तेव्हा केक टेबलावर आलेला होता. त्यावर निळ्या अक्षरांत ममाचं नाव घालून ‘ओडेसा घरी चालली’ असं लिहिलेलं. कागद व्हायच्या आधीच केक सांगू नकोस म्हणून मी ममाला बजावलं होतं. पण ती ऐकते थोडीच! ती ठेवणीतली जांभळी टोपी घालून मधोमध बसली होती. तिने आपली आरामखुर्ची शेजारच्या ल्युसिलला देऊनही टाकली होती.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि घर आता घेता येत नाही हे कानाशी लागून सगळं सांगितलं. मिस्टर स्टॅन यांना बोलले तेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुला आधी विचारता आलं असतं का?"

"हो, ममा. मला वाटलं मला सगळं कळतंय."

"हं," ती म्हणाली.

मग तिने आधाराला धरून चालायची चौकट जवळ ओढली आणि हळूहळू उभी राहिली. चमच्याने ग्लास वाजवला.

"ऐका रे सगळे! मी जात नाहीये."

"का गं? काय झालं?" ल्युसिल ओरडली.

"माझा बेत बदलला. ही पोरगी बस चालवते झकास, पण हिच्या हातचं खाल्लंयत कधी? मका करपवते, चिकन कच्चं ठेवते. म्हटलं, या वयात मला पोटाचे हाल नकोत. आत्ताच तिला नाही म्हणून सांगितलं, बिचारीचं तोंड बघा कसं झालंय. आणि ल्युसिल, खुर्ची परत कर माझी!"

सगळे खो खो हसले. दाराजवळच्या म्हाताऱ्या क्लिटस यांनी मला विचारलं, "काय व्हर्नेल, आई पळवून लावलीस होय स्वयंपाकाने?"

"हो ना, मिस्टर क्लिटस," मी म्हणाले. "शिकायला हवं मला."

केक कापला. गाणं मात्र कुणी म्हटलं नाही. दुपारची फेरी व्हायची होती, तरी मी ममाबरोबर तिच्या खोलीत गेले. तिचे कपडे दोन खोक्यांत भरलेले होते, घड्या घातलेले, मधे मधे पातळ कागद ठेवलेले. ती पलंगावर बसून एकेक कपडा देत गेली आणि मी कपाटात लावत गेले. तिने टोपी काढली नव्हती.

"त्या घरात माझी खोली कुठली असती?" तिने विचारलं.

"मागची. बागेकडची."

"खिडकी कोणीकडे?"

"पूर्वेला, ममा."

ती एक झगा मांडीवर घेऊन थांबली. तळहाताने त्याची सुरकुती सरळ करत राहिली.

"मग सकाळी डोळ्यांवर ऊन आलं असतं," ती म्हणाली. "मला नाही सहन होत."

तिने झगा माझ्या हातात दिला आणि मी तो टांगला.